नकाराचं पत्र सही होण्याआधी

रत्नागिरी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

तुमच्या विमा कंपनीची लीगल आणि कंप्लायन्स (नियमपालन) ही दोन्ही खाती तुझ्याकडे आल्याचं कळलं. फार आनंद झाला. सुरुवात कुठून करू, असं विचारलं आहेस. माझं उत्तर एकच आहे: मोठ्या क्लेमच्या नकाराचं एकही पत्र तुझ्या टीमने वाचल्याशिवाय कंपनीबाहेर जाऊ देऊ नकोस.

करार, नोटिसा, बोर्डाचे ठराव, जाहिरातींची तपासणी ही कामं होत राहतात, त्यांच्यामागे कोणीतरी तगादा लावणारा असतो. या पत्राला वाली नसतो. क्लेम्सवाले ते घाईत लिहितात, जुन्या पत्रातला मजकूर उचलतात, आणि पुढे ग्राहक आयोगाची नोटीस आली की फाइल तुझ्याकडे येते. तोवर फारसं काही हातात उरलेलं नसतं. जे कारण नकाराच्या पत्रात दिलं नाही, ते कंपनीला नंतर आयोगापुढे काढता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली सौराष्ट्र केमिकल्सच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. पत्रात ‘कागदपत्रे अपुरी’ लिहायचं आणि युक्तिवादात ‘कळवायला उशीर केला’ म्हणायचं, हे टिकत नाही. कंपनीच्या पॅनलवरचा, म्हणजे बाहेरून नेमलेला, वकील कितीही हुशार असला तरी त्याला त्या पत्राच्या चौकटीतच उभं राहावं लागतं.

आपल्या चिपळूणचंच बघ. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिवनदीचं पाणी बाजारपेठेत भरलं. दुकानांतला माल गेला, आणि मालाबरोबर स्टॉक रजिस्टरं, बिलबुकं, कपाटातल्या फायलीही चिखलात गेल्या. अशा दुकानदाराला ‘खरेदीची मूळ बिले सात दिवसांत सादर करावीत’ असं छापील पत्र धाडणारी कंपनी आयोगापुढे काय सांगणार? ट्रकचोरीच्या एका प्रकरणात २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने विमा कंपन्यांना बजावलं की जो कागद मिळवणं विमेदाराच्या हातात नाही, त्याच्यावर अडून क्लेम नाकारू नका. पण निकाल पाठ असणं पुरेसं नाही. मूळ बिलं नसतील तर काय मागायचं, हे तुझ्या टीमला सांगता आलं पाहिजे. दुकानदाराची जीएसटी विवरणपत्रं पोर्टलवर असतात. कॅश क्रेडिटचं, म्हणजे मालाच्या तारणावरच्या कर्जाचं, खातं असेल तर दरमहा दिलेलं स्टॉक स्टेटमेंट बँकेकडे असतं. कोल्हापूर-मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्याकडे त्याच बिलांच्या प्रती असतात. तलाठ्याचा पंचनामा असतो. एवढं जुळवलं तर खरा क्लेम आणि फुगवलेला क्लेम दोन्ही आपोआप वेगळे दिसतात.

पंचनाम्यावरून आठवलं. टीममध्ये हाताने लिहिलेला मराठी पंचनामा आणि सातबारा सरळ वाचू शकणारी दोन तरी माणसं ठेव. भाषांतर करून घेतलेल्या पंचनाम्यात ‘अंदाजे’ हा शब्द गळाला, की नुकसानीच्या आकड्याचा अर्थच बदलतो.

कोणती पॉलिसी होती, हेही आधी तपासायला लाव. १ एप्रिल २०२१ पासून छोट्या उद्योगांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आली. तिच्यात विमा रक्कम मालमत्तेच्या किमतीपेक्षा १५ टक्क्यांपर्यंत कमी पडली तरी त्यासाठी क्लेममधून कपात करता येत नाही. त्याआधी घेतलेल्या जुन्या फायर पॉलिसीच्या अटी निराळ्या. त्या पुरात एकाच गल्लीत दोन्ही प्रकारच्या पॉलिसी असू शकत होत्या. नुकसान मोजणाऱ्या सर्व्हेअरचा अहवाल हा महत्त्वाचा पुरावा आहे, पण शेवटचा शब्द नाही. विमा कायद्याच्या कलम ६४यूएममध्येच कंपनीला त्याहून वेगळी रक्कम देण्याची मुभा आहे. ‘सर्व्हेअरने लिहिलंय’ एवढ्यावर कोणतंही मत संपवू देऊ नकोस.

याचा अर्थ सगळं भरून टाक, असा नाही. मासेमारीबंदीच्या काळात, जून-जुलैत, कोणी इथल्या मिरकरवाडा बंदरातून बोट बाहेर काढली आणि ती बुडाली, तर पॉलिसीतली अट दाखवून ठाम नाही म्हण. १९६३ च्या सागरी विमा कायद्यात वॉरंटी, म्हणजे विमेदाराने पाळायची कबूल केलेली अट, जशीच्या तशी पाळावी लागते, ती जोखमीच्या दृष्टीने महत्त्वाची असो वा नसो. इतका कडक हक्क कायदा कंपनीला क्वचितच देतो. म्हणूनच तुझं खरं काम बोट बुडण्याच्या खूप आधीचं आहे. ती अट तांडेलाला (बोट चालवणाऱ्याला) आणि मालकाला समजेल अशा मराठीत पॉलिसी देतानाच सांगितली गेली का, हे बघ. हंगाम सुरू होण्याआधी हर्णैच्या बंदरावर एजंट काय बोलतो, ते एकदा स्वतः ऐक.

आंबा-काजूच्या फळपीक विम्याबद्दल थोडक्यात. तिथे भरपाई बागेतल्या नुकसानीवर ठरत नाही, महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदींवर ठरते. बागायतदाराच्या झाडाखाली पाऊस पडला आणि केंद्रावर नोंदला गेला नाही, तर त्याचा राग रास्त आहे. पण तो प्रश्न केंद्रांच्या जाळ्याचा आहे, पॉलिसीच्या वाचनाचा नाही. तुझ्या टीमने एवढं पाहावं की विकताना कोणी ‘नुकसान झालं की पैसे मिळतात’ असं सांगत नाही.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते ते. दोन्ही खाती एकाच माणसाकडे असणं अवघड आहे. लीगलला सवय असते कंपनीची बाजू सावरण्याची. कंप्लायन्सचं काम कंपनीला खरं सांगण्याचं. समज, कर्जाबरोबर न सांगता विमा जोडल्याच्या तक्रारी एकाच शाखेतून येऊ लागल्या. लीगलच्या नजरेने तू प्रत्येक तक्रारीला सही केलेला फॉर्म जोडून उत्तर देशील, आणि सुटं सुटं पाहिलं तर प्रत्येक उत्तर बरोबर असेल. सगळी उत्तरं एका टेबलावर ठेवलीस तर दिसेल की त्या शाखेत कर्ज हवं असलेल्या माणसाकडून कागदांच्या गठ्ठ्यावर सह्या घेतल्या जातात. हे बोर्डाला सांगणं हे कंप्लायन्सचं काम, आणि ते लीगलच्या उत्तराखाली दबता कामा नये. म्हणून दोन्हीकडे दोन स्वतंत्र माणसं नेम. विमा नियामकाच्या (आयआरडीएआय) नियमांत चीफ कंप्लायन्स ऑफिसरला कळीच्या व्यवस्थापकीय पदाचा दर्जा आहे. त्या माणसाला बोर्डाच्या समितीपुढे तुला न विचारता बोलण्याची मोकळीक दे. दोघांची मतं वेगळी असतील तर फाइल दोन्ही मतांसह वर जाऊ दे. तू मध्ये बसून त्यांचं एक गुळगुळीत मत करू नकोस.

आणि लिहिताना जपून. कंपनीत पगारी नोकरी करणाऱ्या वकिलाला वकील-अशिलाच्या गोपनीयतेचं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ चं संरक्षण मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटलं. ‘हा क्लेम देय आहे, पण सध्या लांबवू’ असा ईमेल तुझ्या टीममधून कधीही जाऊ नये. न्यायालयात उघड होईल म्हणूनच नव्हे. असं लिहिणारा माणूस हळूहळू तसाच विचार करू लागतो, आणि तरुण वकिलांना ही सवय फार लवकर लागते.

टीमचं मोजमाप जिंकलेल्या केसेसवर करू नकोस. ज्या केसेस लढायलाच नको होत्या त्या किती लढलो, हे दर तिमाहीला विचार. जिल्हा ग्राहक आयोगाच्या आदेशाविरुद्ध राज्य आयोगात अपील करायचं तर आदेशातल्या रकमेच्या निम्मी आधी भरावी लागते. अपिलाचा निर्णय सवयीने घेतला जात असेल तर हे पैसे कुठे अडकलेत ते मांडून दाखव. विमा लोकपालांकडे ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी जातात, आणि तिथे वकील चालत नाही. विमेदार स्वतः बोलतो, कंपनीकडून अधिकारी बोलतो. तिथे तुझे ज्युनिअर पाठव. समोर बसलेल्या माणसाशी कलमांचे आकडे न फेकता बोलायला ते तिथे शिकतील. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो आणि ३० दिवसांत पाळला नाही तर दिवसाला ५,००० रुपये दंड आहे, त्यामुळे निवाडा आल्याच्या दिवशीच त्याची तारीख कोणाच्या तरी नावावर लागली पाहिजे.

चिपळूण, कुडाळ, अलिबागच्या पॅनल वकिलांची बिलं वेळेवर काढ. त्यांना फाइल तारखेच्या आदल्या संध्याकाळी नको, लेखी म्हणणं दाखल करायची मुदत संपण्याच्या बऱ्याच आधी मिळू दे. नोटीस मिळाल्यापासून ४५ दिवसांनंतर आयोग ते घेत नाही, आणि दोष मात्र वकिलावर येतो.

पहिल्या महिन्यात गेल्या वर्षीची नकाराची पत्रं मागव आणि क्लेम्सच्या प्रमुखांना शेजारी बसवून एकेक वाच. वाद घालू नकोस, फक्त विचार: आज हे पत्र असंच पाठवाल का? जी पत्रं ते परत लिहू म्हणतील त्यांची यादी कर. त्यांतल्या कोकणातल्या केसेस माझ्याकडे पाठव, मी बघेन.

तुझी,
ताई