तारेचा सांधा, रिळाचा ब्रेक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही तांब्याची २.५ मिमी तार चार डायमधून (तार बारीक करायच्या साच्यांतून) ओढून १.६ मिमी करतो. रीळ संपलं की पुढच्या रिळाची तार बट वेल्डरवर (टोकाला टोक भिडवून विजेच्या उष्णतेनं जोडणारं मशीन) जोडतो, पण सांधा दुसऱ्या-तिसऱ्या डायला हमखास तुटतो. करंट वाढवला तर टोकच वितळून गळतं. मशीन मूळचं एमएस (साध्या पोलादाच्या) तारेसाठी घेतलेलं आहे आणि त्या तारेला आजवर काही अडचण आली नाही. — एक वाचक, गोकुळ शिरगाव

उत्तर : मशीन बिघडलेलं नाही, सेटिंग लोखंडाचं राहिलंय. बट वेल्डरमध्ये उष्णता तयार होते ती तारेच्या रोधामुळे. तांब्याचा रोध साध्या पोलादाच्या जेमतेम नवव्या हिश्श्याइतका, आणि उष्णता वाहून न्यायला मात्र ते सात-आठ पट तयार. म्हणजे गरम व्हायला उशीर आणि जमलेली उष्णता तार पकडणाऱ्या जबड्यांत पळून जायला वेळ लागत नाही. म्हणून तांब्याला जबड्याबाहेर टोक जास्त काढावं लागतं. एमएसला प्रत्येक बाजूला तारेच्या व्यासाच्या अर्धा ते एक पट पुरतं. तांब्याला दीड ते अडीच पट ठेवा. २.५ मिमी तारेला हे साधारण ४ ते ६ मिमी येतं. करंट जास्त, वेळ अगदी कमी, आणि टोक मऊ पडताक्षणी दाब बसला पाहिजे. स्प्रिंग ढिली असेल तर तांबं आधी वितळतं आणि दाब मागून येतो. तुमचं टोक गळतं ते बहुधा यामुळेच.

तुटलेला तुकडा फेकू नका, भिंगाखाली बघा. तुटीची जागा सपाट आणि काळपट असेल तर ऑक्साइड आत अडकलाय, सांधा मुळात धरलाच नव्हता. सांध्याच्या बाजूला तार बारीक होऊन तुटली असेल तर तिथलं तांबं जास्त तापून मऊ पडलंय आणि ओढताना सगळा ताण तिथेच गोळा होतो. सांध्याभोवतीचा बर (बाहेर आलेली धातूची कड) कानशीनं पूर्ण साफ केला नसेल तर तो डायच्या तोंडाशी अडकतो, आणि मग डायही खराब होते.

तरी आमचं मत विचाराल तर, रोज तांबंच ओढायचं असेल तर बट वेल्डरशी झटापट करण्यापेक्षा कोल्ड वेल्डर घ्या. त्यात वीजही नाही आणि उष्णताही नाही. दोन टोकं डायमध्ये पकडून इतक्या जोरानं एकमेकांवर दाबली जातात की तोंडावरचा ऑक्साइडचा थर फाटून बाहेर फेकला जातो आणि आतलं कोरं तांबं तांब्याला चिकटतं. आधी तारेवरचं ड्रॉइंगचं तेल स्वच्छ फडक्यानं पुसा. तार कापायची ती पुसल्यानंतर, आणि धारदार कटरनं. आधी कापून मग पुसली तर तेल तोंडावर जातं. कापलेल्या तोंडाला बोट लावू नका, टोकं कापून चहाला जाऊ नका. हँडल एकदा दाबून भागत नाही. चार ते सहा वेळा दाबा, दर दाबाला थोडी थोडी तार पुढे येते आणि बर बाहेर पडत जातो. शेवटी तो बर हातानं सोलून निघतो. सांधा हातानं पुढे-मागे वाकवून बघा; नीट बसलेला असेल तर तार दुसरीकडे तुटेल, सांध्यात नाही.

यात चुका होतात त्या डायच्या. २.५ मिमीची तार २.६ च्या डायमध्ये घातली तर घसरते. डायवर तेल पडलं तरी घसरते, म्हणून इथे 'ऑइलिंग' करायला जाऊ नका. ॲल्युमिनियम तर याहून सोपं जातं. पोलाद मात्र यावर जमत नाही, त्यासाठी जुनं मशीन ठेवा. (हुपरीत चांदीची तार ओढणाऱ्यांनाही हेच लागू आहे. चांदी तांब्याहूनही चांगली वाहक, त्यामुळे बट वेल्डरवर ती आणखी छळते.)

प्रश्न : एमएसची ४ मिमी तार बट वेल्ड केल्यावर वाकवताना सांध्याला कडकन तुटते. — हातकणंगले

उत्तर : गरम सांधा तसाच थंड जबड्यांत ठेवला की तो झटकन निवतो, कडक आणि ठिसूळ होतो. कार्बन जितका जास्त तितकं हे वाईट. स्प्रिंगच्या तारेत तर हमखास. बर काढा, तार पुन्हा पकडा, यावेळी जबड्यांतलं अंतर जास्त ठेवा आणि ॲनिलिंगचं (तापवून मऊ करायचं) बटण थांबत थांबत दाबून सांधा मंद लाल करा. मग सावकाश निवू द्या. पाणी अजिबात लावू नका.

प्रश्न : रिवाइंडिंग केलेल्या (पुन्हा तार गुंडाळलेल्या) ५ एचपी मोटरमध्ये दोन फेजचा रेझिस्टन्स सारखा येतो, तिसऱ्याचा ४ टक्के जास्त. फेरे काउंटरवर मोजलेत, तिन्हींत सारखेच आहेत. तार २० गेज. — उद्यमनगर

उत्तर : आधी मोटर रात्रभर एका जागी ठेवून सकाळी पुन्हा मोजा. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला ०.३९ टक्के वाढतो. एक बाजू उन्हात तापून १० अंशांनी गरम असेल तरी एवढा फरक दिसतो. मल्टिमीटरच्या टोकांवर अवलंबून राहू नका, एनॅमल (तारेवरचा इन्सुलेशनचा लेप) नीट खरवडून चार वायरच्या मीटरनं मोजा.

तरीही फरक राहिला तर रिळाकडे बघा. तिसरी फेज रीळ संपत आलेलं असताना गुंडाळली होती का? रिळाच्या दांड्यावरचा ब्रेक तोच राहिला की त्याची अडवणूक तीच राहते, पण तार सुटते त्या ठिकाणचा व्यास कमी होत जातो. भरलेलं रीळ २०० मिमी आणि शेवटी १०० मिमी उरलं, तर तारेवरचा ताण दुप्पट होतो. मऊ तांबं तुटत नाही, गुपचूप लांबतं. २० गेज म्हणजे उघडं तांबं ०.९१४ मिमी. ताणलेल्या कॉइलमधला तुकडा घेऊन एनॅमल काढा आणि मायक्रोमीटर लावा. ०.८९६ निघालं तर क्षेत्रफळ ४ टक्के घटलंय, तुमचा हिशेब तिथेच जुळला. एनॅमलही ताणलं गेलेलं असतं, म्हणून ती कॉइल मोटरमध्ये ठेवणं आम्हाला पटत नाही.

उपाय महाग नाही. दांड्याचा ब्रेक रीळ धावून जाणार नाही इतकाच ठेवा आणि खरा ताण पुढे फेल्टच्या दोन पॅडमध्ये द्या. पॅडवर एनॅमलची काळी पूड जमते, ती झटकत जा. स्प्रिंगचा हात असलेला टेन्शनर बसवलात तर रिळाचे धक्के त्यातच विरतात.

गेज बदलायची वेळ आलीच, तर १९ गेजच्या एका तारेऐवजी २२ गेजच्या दोन तारा जोडीनं चालतात : ०.८११ च्या जागी ०.७९४ चौ. मिमी. पण दोन्ही रिळांचा ताण सारखा ठेवा, नाहीतर ढिली तार खाचेत उलटी-सुलटी बसते.

प्रश्न : कागल पंचतारांकित एमआयडीसीत साडेतीन कोअरची (आत तीन जाड वाहक, चौथा बारीक) ९५ चौ. मिमी आर्मर्ड (धातूचं कवच असलेली) केबल ड्रमवर येणार आहे. क्रेन नाही. विंचनं ओढायची आहे. — एक सुपरवायझर

उत्तर : ट्रकमधून टायरच्या ढिगावर ड्रम ढकलू नका; लाकडी कड फुटते आणि तिचे खिळे केबलमध्ये घुसतात. एकास चार उताराचा रॅम्प करा, ड्रमच्या मधल्या शाफ्टला दोर बांधून विंचनं हळू सोडा, उताराच्या खालच्या बाजूला कुणीही उभं राहू नये. जमिनीवर लोटायचा तो ड्रमवरच्या बाणाच्या दिशेनं. उलटा लोटला तर गुंडाळी सैल होते. ड्रम आडवा पाडून ठेवायचा नाही.

केबल काढताना ड्रम जॅकवर उचलून जमिनीपासून थोडा अधांतरी ठेवा, केबल वरच्या बाजूनं सुटू द्या, आणि कडेवर फळी दाबून ब्रेक धरायला एक माणूस उभा करा. रोलर दर २ मीटरला. वळणावर त्रिज्या केबलच्या व्यासाच्या १२ पटींपेक्षा कमी नको. केबलच्या टोकाला तारेच्या जाळीचा मोजा घालून ओढणार असाल तर आर्मर्ड केबलला ताणाची मर्यादा न्यूटनमध्ये ९ गुणिले व्यासाचा वर्ग, व्यास मिमीत. ४० मिमी व्यासाला १४,४०० न्यूटन, म्हणजे सुमारे दीड टन. विंचला डायनमोमीटर (ताण मोजणारं मीटर) लावा. माणसाच्या अंदाजाला दीड टन आणि तीन टन यांतला फरक कळत नाही.

पावसाळ्यात काम असेल तर केबल कापल्याबरोबर दोन्ही टोकांना कॅप बसवा. उघड्या टोकातून पाणी तारांच्या फटींतून मीटरच्या मीटर आत चढत जातं. २०१९ किंवा २०२१ च्या पुरात टोकं उघडी राहून बुडालेला ड्रम अजून आवारात पडून असेल, तर केबल टाकण्याआधी कोअर-कोअरमध्ये आणि कोअर-आर्मरमध्ये मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारं मीटर) लावून बघा. आकडा कमी आला तर ओलं टोक एक-एक मीटर कापत जा आणि दर वेळी पुन्हा मोजा.