वेगवेगळ्या वेगांचे पोर्ट आणि जंबो फ्रेम

प्रश्न : माझ्या संगणकाला आणि छायाचित्रे साठवण्याच्या एनएएसला (नेटवर्कला जोडलेल्या साठवण-यंत्राला) २.५ गिगाबिटचे पोर्ट आहेत. दोन्ही १ गिगाबिटच्या राउटरला जोडले आहेत; त्यालाच १०० मेगाबिटचा टीव्हीही आहे. जंबो फ्रेम (म्हणजे नेटवर्कवरून एका वेळी जाणारे माहितीचे पाकीट नेहमीच्या १५०० ऐवजी ९००० बाइटचे करण्याची सोय) सुरू केल्यापासून फोल्डरांची यादी दिसते, पण मोठी फाइल उघडताना सारे अडकते. पोर्टांच्या वेगातील फरकामुळे असे होते का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : वेगातील फरकाचा हा दोष नाही. राउटरमधला स्विच आलेली फ्रेम साठवून पुढच्या पोर्टच्या वेगाने पाठवू शकतो. मात्र फ्रेम त्याच्या मर्यादेपेक्षा मोठी असेल, तर तो तिचे तुकडे न करता आणि कोणालाही न कळवता ती टाकून देतो. जोडणी होताना संगणक आणि एनएएस आपापली मर्यादा एकमेकांना सांगतात, पण मधल्या स्विचला काय पेलते हे कोणीच विचारत नाही, म्हणून छोटी यादी पोहोचते आणि मोठी फाइल अडते. खात्री करायची असेल, तर तुकडे न करण्याची अट घालून ८९७२ बाइटचा पिंग (उत्तर मागणारा चाचणी-संदेश; त्याच्या हेडरचे २८ बाइट धरून ९०००) एनएएसला पाठवून पाहा; छोट्या पिंगला उत्तर येते पण याला येत नसेल, तर मोठी फ्रेम वाटेत टाकली जाते आहे. विंडोजच्या सेटिंगमधला ९०१४ हा आकडा एनएएसवरच्या ९००० एमटीयूशी (एका फ्रेममधून जास्तीत जास्त किती बाइट न्यायचे त्या मर्यादेशी) जुळणाराच आहे, कारण त्यात इथरनेट हेडरचे १४ बाइट धरलेले असतात.

तरीही माझा आग्रह आहे की दोन्हीकडे एमटीयू पुन्हा १५०० करावा. १ गिगाबिटवर १५०० च्या एमटीयूने प्रत्यक्ष माहिती सेकंदाला सुमारे ९४९ मेगाबिट जाते, ९००० ने ९९१; म्हणजे १० गिगाबाइटच्या छायाचित्रांना ८४ ऐवजी ८१ सेकंद लागतील. एवढ्यासाठी घरातले प्रत्येक यंत्र तपासत बसणे मला पटत नाही, आणि वायफायवर तर ९००० बाइटची फ्रेम जातच नाही.

तुमची खरी अडचण राउटरचा १ गिगाबिटचा पोर्ट आहे. २.५ गिगाबिटचा छोटा स्विच घेऊन संगणक आणि एनएएस त्याला जोडा व तिथून एक केबल राउटरला न्या; डिस्कचा वेग साथ देत असेल, तर तेच काम १५०० वरच सुमारे ३४ सेकंदांत होईल.