मुंबईत राहून मनाली–लेह सायकलवर करायचं आहे. तयारी काय करू, आणि ग्रुपमध्ये मागे पडले तर?

मागे पडलात तर पडू द्या. तुम्ही लिहिलंय की मुलुंडला राहता, रविवारी येऊर चढून येता आणि भीती एवढीच आहे की ग्रुपचा वेग झेपणार नाही. त्या रस्त्यावर पहिल्या दोन दिवसांत जे सगळ्यांच्या पुढे पळतात, त्यांचीच मला जास्त काळजी वाटते. मी हा रस्ता ग्रुपबरोबरच केलाय, म्हणून सांगतो.

पायांची तयारी मुंबईत उत्तम होते. कसारा घाट, खोपोलीहून खंडाळ्याचा जुना घाट (एक्स्प्रेसवेवर सायकलला बंदी आहे), माळशेज. नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंतची चढण तर मनाली–लेहच्या बहुतेक घाटांपेक्षा उभी आहे. तिकडचा चढ सौम्य, पण संपतच नाही. म्हणून एका दिवसात शंभर किलोमीटर मारण्यापेक्षा शनिवार-रविवार लागोपाठ घाट करा. दुखऱ्या पायांनी सकाळी पुन्हा सीटवर बसायची सवय हवी.

हवेची तयारी मात्र मुंबईत होत नाही, कितीही जिने चढलात तरी. ५,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या जेमतेम निम्मा असतो आणि शरीराला त्याची सवय तिथे राहूनच होते. डॉक्टर सांगतात की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. आता वाटेतले मुक्काम बघा, जिस्पा ३,२०० मीटरच्या आसपास आणि सरचू जवळपास ४,३००. बरेच ग्रुप हे अंतर एका दिवसात उरकतात, कारण मुक्काम वाचतो, पैसे वाचतात. म्हणून ग्रुप निवडताना फी आणि टी-शर्ट नंतर बघा, आधी मुक्कामांची यादी मागा. जिस्पाला एक जादा दिवस आणि मध्ये पटसेओ किंवा झिंगझिंगबारला मुक्काम असेल, तर आयोजकाला डोंगर कळतो असं समजा.

आणखी एक गोष्ट नकाशावर पटकन दिसत नाही. सरचूला कोणाची तब्येत बिघडली तर खाली उतरायला सरळ रस्ताच नाही. मागे जायचं तर ४,८९० मीटरचा बारालाचा पुन्हा चढायचा, पुढे जायचं तर गाटा लूप्सची २१ वळणं, नकी ला आणि मग लाचुंग ला ('ला' म्हणजे खिंड). त्यापुढच्या पांगच्या मुक्कामालाही तेच, एकीकडे लाचुंग ला, दुसरीकडे ५,३०० मीटरच्या वरचा तांगलांग ला. म्हणून उंचीमुळे डोकं दुखत असेल तर ते बारालाचाच्या अलीकडेच बोलून टाकायचं.

आमच्यात डोंबिवलीचा एक पोरगा होता, सगळ्यात तगडा. झिंगझिंगबारच्या तंबूत तो मॅगीत नुसता चमचा फिरवत बसला होता. विचारलं तर म्हणाला, "काही नाही काका, भूक नाहीये." उंचीमुळे तोल जातोय का हे बघायला आमच्या लीडरने त्याला उठवून सरळ रेषेत चालायला लावलं. दहाव्या पावलाला तो बाजूला झुकला. गाडीत घालून त्याच रात्री त्याला जिस्पाला उतरवलं. त्या लीडरबद्दल मला आजही मनापासून आदर आहे. सकाळपर्यंत थांबू, असं तो म्हणाला नाही.

तेव्हा आयोजकाला स्पष्ट विचारा: सगळ्यात शेवटच्या सायकलस्वाराच्या मागे कोण असतं? बॅकअप गाडी दिवसभर सोबत असते की पुढे जाऊन तंबू लावते? ऑक्सिजन सिलेंडर आहे का? 'डायमॉक्स' (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची की नाही हे मात्र स्वतःच्या डॉक्टरांना विचारा, सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा.

सकाळी लवकर निघणारा ग्रुप चांगला. दुपारी ऊन तापलं की बर्फ वितळून रस्त्यावरचे नाले फुगतात. सकाळी टायर भिजतो तिथे दुपारी गुडघ्यापर्यंत पाणी असतं, तेही बधिर करणारं.

सायकलबद्दल एवढंच, की सगळ्यात हलका गिअर अजून हलका करून घ्या. मागे ३६ दात्यांचं चक्र बसत असेल तर बसवा, मोठेपणा मिरवू नका. पूर्ण बोटांचे हातमोजे आणि विंडचीटर गाडीत नको, स्वतःजवळ ठेवा. खिंडीतून उतरताना घामाने ओला टी-शर्ट अंगावर गार पडतो आणि बोटांनी ब्रेक दाबला जात नाही. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, पॅकिंगच्या दिवशी झटापट नको म्हणून घरीच एकदा काढून-लावून बघा.

मुक्कामांची यादी हातात आली की इथेच टाका. कुठे एक दिवस वाढवून मागायचा ते बघून सांगतो.