शाळेतच कॉलेजचं फिजिक्स घ्यावं का?

"मुलीला शाळेतलं फिजिक्स पुरत नाही. पण कॉलेजचा कोर्स आत्ताच घेतला आणि ग्रेड बिघडला तर?" कॅलिफोर्नियातले मराठी पालक माझ्याकडे ही काळजी हमखास घेऊन येतात. या आई-बाबांचीही तीच होती. मुलगी अकरावीत, एपी फिजिक्स १ (शाळेतच शिकवला जाणारा कॉलेजच्या पातळीचा कोर्स, पण कॅल्क्युलसशिवायचा) झालेलं, आणि आता तिला कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, इंजिनिअरिंगची मुलं घेतात ते मेकॅनिक्स घ्यायचं होतं.

भीती खरी आहे. कॉलेजच्या ट्रान्स्क्रिप्टवरचा, म्हणजे अधिकृत गुणपत्रकावरचा, ग्रेड कायम राहतो आणि विद्यापीठाचा अर्ज भरताना तो दाखवावाच लागतो.

मी तिला एकच गणित दिलं. गुळगुळीत पृष्ठभागावर ठोकळा सुटलाय, हवेचा विरोध वेगाच्या प्रमाणात. काही सेकंदांनी वेग किती? तिने बलांची आकृती झटक्यात काढली, चिन्हं बरोबर, समीकरणही बरोबर. मग पेन थांबलं. वेग एका बाजूला, काळ दुसऱ्या बाजूला घेऊन इंटिग्रेशन करायचं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. फिजिक्स पक्कं होतं, कॅल्क्युलस अडत होतं.

बहुतेक मुलं इथेच फसतात. पहिले दोन-तीन आठवडे वेग आणि त्वरण, सगळं ओळखीचं वाटतं. पहिली मोठी परीक्षा होईपर्यंत, 'डब्ल्यू' (कोर्स मध्येच सोडल्याची ट्रान्स्क्रिप्टवरची खूण) न लागता कोर्स सोडायची मुदत बहुधा उलटून गेलेली असते. ती तारीख प्रवेश घेतानाच कॅलेंडरवर लिहा. त्याआधी पुस्तकातल्या न्यूटनच्या नियमांच्या धड्यातली दहा गणितं, उत्तरं न बघता, सोडवून पाहा. निम्मी अडली तर तेव्हाच सोडलेलं बरं.

वेळ किती? कॉलेजात कोर्सचं वजन युनिटमध्ये (क्रेडिटमध्ये) मोजतात आणि एका युनिटमागे सत्रात वर्ग आणि घरचा अभ्यास मिळून किमान ४८ तास धरतात. चार युनिटचा कोर्स म्हणजे १९२ तास, सोळा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला बारा. बाबांनी तिचा आठवडा कागदावर मांडला, तेव्हा रोबोटिक्स आणि मेकॅनिक्स दोन्ही एकदम जमणार नाही, हे तिचं तिलाच दिसलं.

ठरलं असं: आधी कॅल्क्युलस १, मेकॅनिक्स त्याच्या पुढच्या सत्रात. अकरा युनिटपर्यंत शाळकरी मुलांना युनिटमागचे ४६ डॉलर साधारणपणे माफ असतात. पुस्तकांचा खर्च मात्र आपला. फॉर्मवर पालकांची आणि शाळेची सही लागते, ती उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आत घ्या. शाळकरी मुलांची नोंदणी सगळ्यात शेवटी उघडते आणि लॅबच्या जागा आधीच भरतात, म्हणून लॅबच्या दोन वेगवेगळ्या वेळा निवडून ठेवा. वेटलिस्टवर असलात तरी पहिल्या लॅबला जा.

आईला वाटत होतं, कॉलेजशी आपण बोलू. पण मूल अठराच्या आतलं असलं तरी कॉलेजच्या नोंदींवरचा हक्क कायद्याने त्याचाच. प्राध्यापक पालकांशी ग्रेडबद्दल सहसा बोलत नाहीत. मग मुलीनेच तिथे बसून पहिला ईमेल लिहिला: कॅल्क्युलसला प्रवेश घ्यायला शाळेची कोणती कागदपत्रं लागतील?