बारदान : यात ना बारा आहेत, ना दाणा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बचत गटाच्या ताईंचा प्रश्न आहे. गटातल्या बाया सुती कापडाच्या, दोन बंदांच्या बाजारपिशव्या शिवतात. माल परदेशी जायचा आहे. कागद करून देणाऱ्या एकानं मराठीत 'वस्त्रनिर्मित वाहक पात्र' असं लिहिलं. दुसऱ्यानं सरळ 'बारदाना' लिहून मालाच्या प्रकारासाठी कस्टमचा ६३०५ हा आकडा टाकला, आणि वर समजावलं की ज्यात बारा पायल्या दाणे मावतात तो बारदाना. ताई विचारतात, यातलं खरं काय?

'वाहक पात्र' आधी खोडा. पात्र म्हणजे भांडं, पिशवीला कुणी पात्र म्हणत नाही. पिशवी, थैली, झोळी, पोतं, आपल्याकडची चुंगडी, हे शब्द तुम्हाला मी काय सांगणार!

पण 'बारा दाणे' ऐकलं की माझं डोकं फिरतं. तूर-हरभऱ्याच्या हंगामात 'बारदाना संपला, माप बंद' अशी पाटी लागते आणि ट्रॅक्टरच्या रांगेत कुणीतरी ही व्युत्पत्ती सांगतोच. दुसरे त्याहून शिकलेले. ते म्हणतात 'दान' म्हणजे देणं, भार देऊन टाकायचा म्हणून बारदान. दोन्ही चूक. शब्द फारसी आहे. 'बार' म्हणजे ओझं, आणि 'दान' म्हणजे ठेवायची जागा, तेच पानदान, अत्तरदान, पिकदाणीतलं. ओझं ज्यात ठेवायचं ते बारदान.

कोशकार इथं 'फा.' असा शिक्का मारून पुढे जातात, आणि खरी गंमत तिथंच सांडते. संस्कृतात जिथं भ तिथं फारसीत ब, जिथं ध तिथं द, कारण दोन्ही भाषा एकाच मुळाच्या. भ्रातृ आणि बिरादर बघा. बंध आणि बंद बघा. तुमच्या पिशवीला शिवलेला बंद तोच. तसाच बार म्हणजे आपला भार, आणि हा 'दान' देण्यातला नाहीच, तो 'धा' धातूचा, म्हणजे ठेवण्याचा. निधान, परिधान यांतला. मासे ठेवायच्या टोपलीला संस्कृतात मत्स्यधानी म्हणत. राजा जिथं राहतो ती राजधानी. म्हणजे बारदान हा अक्षरशः 'भारधान' आहे! बाई डोक्यावर कडब्याचा भारा घेऊन बांधावरून येते, तो भारा आणि काट्याशेजारी घडी घालून ठेवलेलं ते तागाचं बारदान एकाच घरचे. याला परका शब्द म्हणून हाकलून 'आवेष्टन' बसवू पाहणाऱ्या मंडळींनी आपल्याच भावाला दारातून परत पाठवलंय.

आता संत्र्याकडे येतो, कारण ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. वरूड-मोर्शी, काटोल-नरखेडकडचा शेतकरी संत्र्याच्या फुलोऱ्याच्या हंगामांना 'आंबिया बार', 'मृग बार' म्हणतो. कृषीच्या पुस्तकांत मात्र 'बहार' छापतात आणि शेतकऱ्याचा उच्चार अशुद्ध ठरवतात. बहार म्हणजे वसंत ऋतू. मृग नक्षत्राच्या पावसावर फुटणाऱ्या फुलाला वसंत कशाला म्हणायचं? फारसीत 'बार' चा अर्थ ओझं आहे तसाच फळही आहे. बागेला ताण देऊन, म्हणजे पाणी तोडून, जो धरायचा तो झाडावरचा भारच. माझं मत पक्कं आहे की इथं शेतकऱ्याचा कान बरोबर आहे आणि पुस्तकवाल्यांनी त्यात उगाच 'ह' घुसवला आहे. बंदुकीचा 'बार भरणे' हाही मी याच घरात मोजतो.

दुसरा राग असा की बारदान म्हणजे फक्त पोतं, असं धरून चालतात. जिनिंगमध्ये जा. १७० किलोच्या रुईच्या गाठीवर गुंडाळलेलं कापड आणि आवळलेल्या पट्ट्या, हे सगळं बारदान. संत्र्याची पेटीही बारदान. काट्यावर तागाचं पोतं चढतं, हमाल दाभणानं सुतळी ओवून तोंड शिवतो, आणि मापाडी 'बारदान वजा' म्हणतो. ५० किलो धान्याच्या तागाच्या पोत्याचं ठरलेलं वजन ५८० ग्रॅम असतं, ते वजा. माल वेगळा, बारदान वेगळं. शब्दाचा जीव या वजाबाकीत आहे.

आणि ताई, तुमचं उत्तरही तिथंच आहे. जगभरच्या कस्टमचे आकडे १९८८ पासून चालत आलेल्या 'हार्मोनाइज्ड सिस्टीम'वर बेतलेले आहेत, आपल्या १९७५ च्या सीमाशुल्क दर कायद्याची अनुसूचीही त्याच घडणीची. त्यात ६३०५ म्हणजे माल भरायची पोती आणि थैल्या, ताग असो, कापूस असो की प्लास्टिकच्या पट्ट्या. हे खरं बारदान. माल भरून आलेलं नेहमीचं बारदान तर सहसा त्या मालाच्याच आकड्यात जातं. पुन्हापुन्हा वापरण्याजोगं असेल तरच वेगळं बघतात. तुमची पिशवी माणसाच्या हातात, खांद्यावर राहायची. ती ४२०२ मध्ये, भारतीय यादीत ४२०२ २२ २० : सुती हॅण्डबॅगा आणि शॉपिंग बॅगा. प्रकरण ४२ चामड्याच्या वस्तूंचं आहे म्हणून दचकू नका. ४२०२ च्या शीर्षकात कापडाच्या बॅगाही नाव घेऊन लिहिल्या आहेत, आणि त्याच अनुसूचीतल्या कापडाच्या विभागाची पहिलीच टीप त्यांना आपल्या घरातून वगळते. कापड कोणतं यापेक्षा वस्तू कशासाठी शिवली, हे आधी बघतात.

तेव्हा 'बारदाना' खोडून 'सुती कापडी बाजारपिशवी, दोन बंदांची' असं लिहायला सांगा. पिशव्या ज्या खोक्यांत भरून जातील, बारदान म्हणायचं ते त्या खोक्यांना.