पहारा कोणाचा, पाणी कोणाकडे?

या वेळी फँटसी टेबलटॉप खेळांवरचे, म्हणजे टेबलाभोवती बसून काल्पनिक पात्रं घेऊन फाशांवर खेळायच्या खेळांवरचे प्रश्न. उत्तरं ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीच्या, 2014 च्या नियमांना धरून आहेत. तुमच्या टेबलावर वेगळं ठरलं असेल, तर डीएमचा (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) शब्द शेवटचा.

आम्ही पाच जण दर रविवारी खेळतो. डीएमने मोहीम सातपुड्यात, तोरणमाळकडच्या जंगलात बसवली आहे. चालताना पाचही जण ‘मी लक्ष ठेवतो’ म्हणतात, तरी दरवेळी अचानक हल्ला होतो आणि डीएम म्हणतो, कोणालाच काही दिसलं नाही. हा अन्याय नाही का? — एक वाचक, जळगाव

तुमची तक्रार डीएमकडे नेण्याआधी एक तपासा : लक्ष ठेवणारा त्याच वेळी आणखी काय करतोय? प्रवासात जो वाट शोधतो, नकाशा काढतो, माग काढतो किंवा रानातून अन्नपाणी गोळा करतो, त्याचं पॅसिव्ह परसेप्शन (फासा न टाकता धरली जाणारी नजर : 10 अधिक परसेप्शनचा बोनस) धोका ओळखताना धरलंच जात नाही. भरीत पार्टीत वांगी भाजणाऱ्यालाच कांदेही चिरायला बसवलं, तर एखादं वांगं जळणारच.

म्हणजे पाचांपैकी एक वाटेवर, एक नकाशावर, एक अन्नपाण्यावर लावला की पहाऱ्याला दोघंच उरतात. त्यातला तीक्ष्ण नजरेचा पुढे, दुसरा सगळ्यात मागे, बाकीचे मधे. दोघंही पुढे चालले, तर मागून येणारा धोका त्यांना दिसणार नाही, असं डीएम ठरवू शकतो आणि ते नियमात बसतं. घाईने चाललात, तर पॅसिव्ह परसेप्शन आणखी 5 ने घसरतं. ही नावानिशी वाटणी सेशन सुरू होण्याआधी कागदावर लिहून डीएमसमोर ठेवा. हल्ला झाल्यावर ‘मी मागेच होतो’ म्हणण्याला अर्थ नाही.

अन्नापेक्षा पाणी जास्त छळतं. माणशी दिवसाला 1 पौंड अन्न आणि 1 गॅलन पाणी लागतं. उष्ण हवेत पाणी दुप्पट. (वैशाखातल्या खान्देशात हा नियम कोणाला समजावून सांगावा लागणार नाही.) शोध यशस्वी झाला, की सहा बाजूंचा फासा अधिक विज्डमचा (पात्राच्या शहाणपणाच्या गुणाचा) बोनस इतके पौंड अन्न आणि तसाच दुसरा फासा टाकून तितके गॅलन पाणी मिळतं. बोनस +3 असला तरी पाणी फार तर 9 गॅलन आणि उन्हाळ्यात पाच जणांना हवं 10. म्हणजे एकट्यावर सोडलं, तर चांगल्यातला चांगला फासा पडूनही कोणीतरी तहानेलं राहणार. दुसरा माणूस शोधाला लावा किंवा पाणी सोबत न्या. मात्र एका मशकीत अर्धा गॅलनच मावतं आणि भरल्यावर ती 5 पौंडांची होते, तेव्हा ते ओझं कोण उचलणार हेही त्याच कागदावर लिहा.

मी क्लेरिक (जखमा भरून काढणारे मंत्र जाणणारं पुजारी पात्र) खेळते. माझी पाळी आली की सगळे ‘हिलिंग दे’ म्हणून मागे लागतात. मला दुसरं काही करताच येत नाही. — एक वाचक, धुळे

पहिल्या लेव्हलच्या ‘क्युअर वुंड्स’ मंत्राने, बोनस +3 धरला तर, सरासरी 7 ते 8 हिट पॉइंट (पात्राची जीवशक्ती) परत येतात. ओग्र या राक्षसाच्या सोट्याचा एक फटका सरासरी 13 नेतो. चालू लढाईत भरपाई करत बसणं हा तोट्याचाच व्यवहार आहे. कोणी शून्यावर जाऊन पडला, की ‘हीलिंग वर्ड’ वापरा : 60 फुटांवरून चालतो, बोनस अ‍ॅक्शनमध्ये (मुख्य कृतीखेरीज मिळणाऱ्या छोट्या कृतीत) होतो आणि पडलेला उठतो. मुख्य अ‍ॅक्शन तुमचीच राहते, शस्त्रासाठी किंवा कँट्रिपसाठी (कितीही वेळा टाकता येणाऱ्या साध्या मंत्रासाठी). मोठा मंत्र मात्र त्याच पाळीत टाकता येत नाही.

उरलेलं काम बाकीच्यांचं. हीलर्स किट 5 सुवर्णमुद्रांना मिळतं, 10 वेळा चालतं आणि पडलेल्याला फासा न टाकता स्थिर करतं. ते वापरायला क्लेरिक असावं लागत नाही. निदान दोघांकडे असू द्या. आणि फायटरने पडलेल्याच्या व शत्रूच्या मधे उभं राहावं, कारण पडलेल्याला 5 फुटांच्या आतून बसलेला एक वार दोन डेथ सेव्ह (जीव वाचवायचे फासे) बुडवतो. तिसऱ्याला खेळ संपतो.

आमच्या गटात एक प्लेट (पूर्ण धातूचं जड) चिलखतवाला आहे. त्याच्यामुळे लपून जाणं कधीच जमत नाही. त्याला बाहेर ठेवावं का? — एक वाचक, भुसावळ

नको. डीएमला गट-तपासणी घ्यायला सांगा : सगळ्यांनी फासे टाकायचे आणि निम्मे किंवा जास्त जण यशस्वी, तर सगळा गट यशस्वी. प्रत्येकाची शक्यता 70 टक्के धरली, तर पाचही जणांना फासा साधण्याची शक्यता जेमतेम 17 टक्के. गट-तपासणीत तीच 84. प्लेटवाला हमखास फसणार असं धरलं, तरी 65 उरतात. ड्रुइड किंवा रेंजर (रानाचे मंत्र जाणणारी पात्रं) असेल, तर ‘पास विदाउट ट्रेस’ने सगळ्यांना +10 मिळतात, पण मंत्र टाकणाऱ्यापासून 30 फुटांच्या आतच. ‘रोग’ (चोरपावलांचं पात्र) एकटाच पुढे पळाला, की त्याचे ते 10 गेले.

रात्रीचा पहारा पाच जणांत कसा वाटावा? — एक वाचक, चाळीसगाव

8 तासांच्या लाँग रेस्टमध्ये (रात्रीच्या पूर्ण विश्रांतीत) प्रत्येकाला 6 तास झोप हवी, म्हणजे पहाऱ्याला माणशी 2 तास. पाचांचे 10 तास होतात, रात्र 8 ची. वरचे 2 तास मध्यरात्रीनंतर दोघांचा जोडपहारा लावा. प्लेटवाल्याला शेवटची पाळी द्या : चिलखत चढवायला 10 मिनिटं लागतात आणि लढाईची फेरी 6 सेकंदांची, म्हणजे 100 फेऱ्या. पहाटेपर्यंत तो चिलखत चढवून तयार असतो. त्याआधी हल्ला झाला, तर ती लढाई त्याच्या चिलखताशिवायच लढायची, हे धरून चाला.