घर शाबूत असताना नादारीचा अर्ज कशाला?

प्रश्न :

काकांना सप्रेम नमस्कार,

आम्ही इचलकरंजीचे. सासऱ्यांच्या वेळचे आठ साधे माग होते. खर्चीवालेच आम्ही, व्यापारी सूत आणि बिमं (उभा धागा गुंडाळलेले रूळ) द्यायचा, आम्ही कापड विणून मजुरी घ्यायची. यांना वाटलं, किती दिवस पिकावर (विणलेल्या आडव्या धाग्यांवर) मजुरी मोजत बसायचं? साधे माग काढून सहकारी बँकेच्या कर्जावर चार सेकंडहँड रेपिअर (बिनधोट्याचे आधुनिक माग) घेतले आणि स्वतःचं सूत घालून कापड विकायला सुरुवात केली. 2022 मध्ये सुताचा दर चढलेला असताना माल भरला, कापड तयार झालं तेव्हा दर खाली आला. तिथून जे घसरलं ते सावरलंच नाही. आता भाड्याच्या शेडला कुलूप आहे. जॉबर, कांडीवाली, सगळे दुसरीकडे लागले.

बँकेचे 18 लाख आहेत, त्याला दीर आणि यांचे एक मित्र जामीन आहेत. हप्ते थकून पाच महिने झाले. पतसंस्थेचे 3 लाख, तिथे माझा भाऊ जामीन. सूतवाल्याचे साडेसहा लाख, त्याच्याकडे यांचे सही केलेले दोन कोरे चेक आहेत. एकाकडून महिना पाच टक्क्यांनी 2 लाख घेतले होते, त्याला व्याजच अडीच लाखांवर दिलंय आणि मुद्दल तसंच आहे. मधे एका व्यापाऱ्याचं कापड मजुरीने विणून दिलं, त्याचे 2 लाख 80 हजार त्याने दीड वर्ष अडकवलेत, पण ते काही येतील असं वाटत नाही.

घर यांच्या नावावर आहे, कुठल्याही कर्जाला लावलेलं नाही. वीस-बावीस लाखांना जाईल म्हणतात. एकजण म्हणतो, कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज करा, सगळं माफ होतं. दुसरा म्हणतो, आधी घराचं बक्षीसपत्र मुलाच्या नावाने करून टाका. भंगारवाला माग बघून गेलाय; ते पैसे आधी माझ्या भावाला द्यावेत असं मला वाटतं. यांना जेल होईल का? माझं मंगळसूत्र जप्त करतील का? हे रात्री एकटेच शेडवर जाऊन बसतात. परवा म्हणाले, “मी नसतो तर तुम्ही तरी सुटला असता.” मला काही सुचत नाही.

एक वाचक भगिनी

उत्तर :

ताई, आकड्यांकडे नंतर येतो. आधी तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य. वैतागून बोलले असतील म्हणून ते सोडून देऊ नका. हे उत्तर छापून येईपर्यंतही थांबू नका म्हणून संपादकांमार्फत तुम्हाला आधीच निरोप दिला आहे, इथे पुन्हा लिहितो ते इतरांसाठी. त्यांना सरळ विचारा, जीव द्यायचा विचार मनात येतो का. विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरत नाही. रात्री शेडवर एकट्याला जाऊ देऊ नका, दिरांना सोबत पाठवा किंवा शेडची किल्ली तुमच्याकडे घ्या. 14416 हा टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे, दिवसा-रात्री केव्हाही लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. डॉक्टरांना दाखवा. आणि बँकेचे फोन काही दिवस त्यांच्याऐवजी दुसऱ्या कुणीतरी घ्यावेत. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर बँकेने वसुलीसाठी फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्या वेळेबाहेर फोन आला तर तारीख-वेळ लिहून ठेवा.

आता दिवाळखोरी. माझी सगळी नोकरी एका नागरी बँकेच्या वसुली खात्यात गेली, त्यामुळे मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूने बोलतो. टीव्हीवर ज्याचं नाव गाजतं तो 2016 चा दिवाळखोरी कायदा (आयबीसी). त्यातला व्यक्तींसाठीचा भाग 1 डिसेंबर 2019 पासून सुरू झाला, पण तो फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्यांना. एकट्याच्या नावावर धंदा करणारा माणूस अजून 1920 च्या प्रांतिक नादारी (म्हणजे दिवाळखोरीच) कायद्यात अडकलेला आहे. मुंबई शहरात असतात तर 1909 चा. शंभर वर्षांत रुपयाचं काय झालं याचा या कायद्याला पत्ताच नाही. पाचशे रुपयांचं देणं डोक्यावर असलं तरी अर्ज करता येतो. नादार ठरलेल्या माणसाने ते न सांगता पन्नास रुपये उधार घेतले तरी तो गुन्हा. मालमत्तेतून रुपयाला आठ आणेसुद्धा निघत नसतील, तर तो दोष आपला नाही हे पटवून द्यावं लागतं, नाहीतर बिनशर्त मुक्तता मिळत नाही. मागच्या तीन वर्षांच्या हिशोबाच्या वह्या नीट नसल्या तरी तेच. म्हणून सुताची बिलं, चलनं, खतावणी, काही रद्दीत घालू नका, अर्ज करा वा करू नका.

अर्ज जिल्हा न्यायालयाकडे होतो. देणेकऱ्यांना नोटिसा जातात, सुनावणी होते, कोर्टाने नादार ठरवलं की सगळी मालमत्ता कोर्टाच्या किंवा त्याने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते. तिथून पुढे कोर्टाच्या परवानगीशिवाय कुणी पैशासाठी वेगळा दावा लावू शकत नाही, ही खरी सवलत. मग ठरवून दिलेल्या मुदतीत मुक्ततेसाठी पुन्हा अर्ज. पण तारण घेतलेल्या बँकेला यातलं काहीच अडवत नाही, ती माग उचलणारच. सरकारी देणं सुटत नाही. आणि जामीनदार तर अजिबात सुटत नाहीत. तुमचे मिस्टर कागदोपत्री मोकळे होतील त्या दिवशीही बँक दिरांच्या आणि पतसंस्था तुमच्या भावाच्या दारात उभी असेल. (नादार माणसाला नगरपालिकेची निवडणूक लढवता येत नाही, ते दुःख तुम्हाला बहुधा नसावं.)

आता हिशोब करा. तुमचं एकूण देणं साडेएकोणतीस लाख. त्यासमोर बोजा नसलेलं वीस-बावीस लाखांचं घर, चार माग, आणि येणं 2 लाख 80 हजार. नादारीचा अर्ज केला की पहिल्यांदा जाईल ते घर. ज्याच्याकडे अंगावरच्या कपड्यांशिवाय काही उरलं नाही आणि मागे दहा दावे लागलेत, त्याच्यासाठी हा अर्ज ठीक. तुमच्यासाठी नाही. तुम्ही समझोत्याच्या बाजूने जायचं.

बक्षीसपत्राचा सल्ला ज्याने दिला त्याचा चहा घ्या, सल्ला घेऊ नका. मुलाच्या नावाने राहतं घर करायला मुद्रांक शुल्क दोनशे रुपये, म्हणून लोकांना फार सोपं वाटतं. थकीत खात्याची फाइल हातात आली की आम्ही पहिलं काम काय करायचो? दुय्यम निबंधकाकडे कर्जदाराच्या नावाचा सर्च. इंडेक्स टूवर, म्हणजे नोंदणीच्या उताऱ्यावर, दस्ताची तारीख दिसते. हप्ता थकल्यानंतरच्या तारखेचं बक्षीसपत्र दिसलं की फाइलवर लाल शेरा पडायचा आणि मग त्या माणसाशी सवलतीची भाषा कुणी करत नसे. देणेकऱ्यांना चुकवण्यासाठी केलेला दस्त कोर्ट रद्द करू शकतं. पुढे दोन वर्षांच्या आत नादारीचा अर्ज झाला तर त्या कायद्यानेही तो उलटतो. घर वाचत नाही, वर तुमची पत जाते.

भंगारवाल्याला निरोप द्या, सध्या येऊ नको. माग बँकेकडे तारण आहेत. बँकेच्या लेखी परवानगीशिवाय एक माग जरी बाहेर गेला तरी साधं थकीत कर्ज फौजदारी प्रकरण होऊन बसतं, आणि ते तुमच्या मिस्टरांच्या अंगावर येतं. उलट तुम्हीच बँकेला लिहा की आम्ही गिऱ्हाईक आणतो, रक्कम थेट कर्जखात्यात भरा. चालू स्थितीतला रेपिअर मागवाल्याला विकला तर भंगारापेक्षा नक्कीच जास्त येतात. जप्तीत उचललेले माग पावसात गोदामाबाहेर गंजताना मी पाहिलेत, बँकेलाही त्यात रस नसतो. नोटीस आली की साठ दिवसांची मुदत असते. सहकारी बँकांनाही सरफेसी कायदा (दावा न लावता तारण ताब्यात घेण्याचा) वापरता येतो हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये पक्कं केलं आहे, तोही निकाल आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या बँकेच्या प्रकरणातला. तेव्हा नोटीस फ्रीजवर ठेवून देऊ नका, मुदतीत लेखी उत्तर द्या. त्याला पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर देणं बँकेवर बंधनकारक आहे.

त्या पैशातून भावाला आधी द्यायचं मनात आहे, ते समजतं. पण ते पैसे बँकेचे आहेत. भावासाठी दुसरी गोष्ट करा, आज करा. त्याला आणि दिरांना, आणि त्या मित्रालाही, घरी बोलवा आणि सगळे आकडे सांगा. जामीनदाराला पहिल्यांदा कळतं ते नोटीस आल्यावर, आणि नाती तुटतात ती पैशापेक्षा त्या लपवाछपवीने. पतसंस्थेने निबंधकाकडून सहकार कायद्याच्या कलम 101 चा वसुली दाखला घेतला की तुमच्या भावाच्या पगारापर्यंत हात जातो. त्याआधी तीन लाखांचे हप्ते बांधून घेता येतात का, हे त्यालाच सोबत नेऊन विचारा. कर्जदार आणि जामीनदार एकत्र समोर बसले की अध्यक्षसुद्धा जरा खालच्या पट्टीत बोलतो.

व्यापाऱ्याकडच्या 2 लाख 80 हजारांवर तुम्ही एक ओळ लिहून पाणी सोडलंय, मला त्याचंच नवल वाटलं. मजुरीने विणून देणं ही सेवा आहे. त्या कामाच्या आधीपासून तुमची लघुउद्योग म्हणून उद्यम नोंदणी असेल तर व्यापाऱ्याला फार तर पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यावेच लागतात. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. लघुउद्योगांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार घालता येते, ती अशी थकबाकी मिटवणाऱ्या सुविधा परिषदेकडे जाते. चलनं आणि मजुरीची बिलं जोडा. दीड वर्षाचं व्याज धरलं की आकडा बघून व्यापारी स्वतःच फोन करतो, असं मी एकदा नव्हे बऱ्याचदा पाहिलंय. दिवाणी दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे, ती मात्र डोक्यात ठेवा.

जेलचं विचारलंत. पैसे नसल्यामुळे कर्ज फेडता आलं नाही, याला जेल नाही. ऐपत असून मुद्दाम न देणाऱ्यालाच दिवाणी कैद होऊ शकते, सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्येच हे स्पष्ट केलं. चेकचं मात्र वेगळं. सूतवाल्याने ते कोरे चेक भरून टाकले आणि परत आले, तर त्याची नोटीस येईल. ती मिळाल्यापासून पंधरा दिवस तुमच्या हातात असतात, त्यानंतर त्याला एक महिन्यात फौजदारी तक्रार करता येते. दोन वर्षांपर्यंत शिक्षा किंवा चेकच्या दुप्पट दंड, आणि नादारीचा अर्ज याला वाचवत नाही. पेमेंट थांबवूनही सुटका नाही. म्हणून चेक टाकायच्या आधी त्याच्याकडे जा. सूतवाल्यालाही ठाऊक असतं की कोर्टाच्या तारखा खाऊन पोट भरत नाही. खात्याचा उतारा मागा, शिल्लक दोघांच्या सहीने ठरवा, हप्ते लिहून घ्या आणि त्याच कागदावर चेकचे नंबर टाकून ते परत करायचं लिहून घ्या.

पाच टक्केवाला मला सगळ्यांत सोपा वाटतो. परवाना आहे का विचारा, बहुधा नसणार. महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी कायद्यात मुद्दलापेक्षा जास्त व्याज घेताच येत नाही, आपल्याकडचं जुनं दामदुपटच ते. दोन लाखांवर अडीच लाख व्याज त्याने आधीच खाल्लंय. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे लेखी तक्रार द्या, फोनपेचे व्यवहार, बँकेचे उतारे जोडा. दमदाटी करत असेल तर पोलिसांतही.

मंगळसूत्र कोणी नेत नाही. कपडे, भांडी, अंथरूण, आणि धर्माच्या रूढीने बाईने अंगावरून उतरवायचे नसतात ते दागिने, यांना जप्ती नाही. भविष्य निर्वाह निधीला आणि विम्याच्या पैशालाही नाही. नवऱ्याचं कर्ज बायकोचं होत नाही, तुम्ही सहकर्जदार म्हणून कुठे सही केली नसेल तर. बँकेत जाल तेव्हा कर्जाच्या कागदांची प्रत मागून तेवढं तपासा.

बँकेत जायचं ते या महिन्यातच. मार्चअखेर जवळ आली की थकीत खाती कमी दाखवायची असतात, तेव्हा एकरकमी परतफेडीला वरिष्ठ लवकर हो म्हणतात. तोंडी बोलून येऊ नका. अर्जात तुमच्याकडे काय आहे आणि काय नाही ते खरं लिहा, माग विकून किती येतील, घरावर कर्ज काढून किंवा घरच्यांकडून किती उभे राहतील, आणि सगळ्यांत शेवटी तुम्ही देऊ शकता तो आकडा. पहिला आकडा ऐकून अधिकारी मान हलवेल, ती त्याची नोकरी आहे. घर विकायचीच वेळ आली तर गिऱ्हाईक तुम्ही बघा, लिलावाची वाट बघू नका. एकरकमीत मिटलं की सिबिलवर ‘सेटल्ड’ असा शेरा राहतो, नवीन कर्ज काही वर्षं अवघड जाईल. सध्या तुम्हाला नवीन कर्ज नकोच आहे. अर्ज दोन प्रतींत न्या, एकीवर आवक शिक्का आणि तारीख घेऊनच बाहेर पडा, आणि दिरांना बरोबर न्या.